ओळीवरचा स्वल्पविराम

आधी नीट बसा. खुर्चीत असाल तर पाठ टेकवू नका, जमिनीवर असाल तर मांडी घाला. आज काही वाजवायचं नाही, लावून ऐकायचंही नाही. एक कागद मनासमोर धरायचा आहे, मोठा, पाच-पाच रेघांच्या ओळींनी गच्च भरलेला. वरच्या ओळी बासऱ्यांच्या आणि ओबोंच्या, मधे हॉर्न, ट्रॉम्बोन, टिंपनी, आणि तळाशी व्हायोलिनपासून डबल बासपर्यंतची सगळी तंतुवाद्यं. माथ्यावर लिहिलंय: आंतोनिन ड्वोर्झाक, नववी सिंफनी, भाग दुसरा. गतीबद्दलची सूचना एका शब्दाची, लार्गो. आपण विलंबित म्हणू.

शेजारी दुसरा कागद ठेवा. हा कोरा आहे आणि त्यावर मोजक्याच ओळी आहेत. चार ट्रॉम्बोन, त्यातला चौथा बास ट्रॉम्बोन. दोन युफोनियम. दोन ट्यूबा. एक टिंपनीवाला, आणि आणखी एक वादक, ज्याच्यापुढे मारिंबा, बास ड्रम आणि टांगलेली झांज आहे. म्हणजे माणसं दहा. बासरी नाही, ओबो नाही, तार तर एकही नाही. पहिल्या कागदावरचं दुसऱ्यावर उतरवायचं आहे.

मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंमध्ये हे काम करणाऱ्याला अरेंजर म्हणायचे. गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून आलेले अँथनी गोन्साल्विस किंवा सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे वादक पेटीवर ऐकलेल्या चालीचे पन्नास वादकांसाठी पन्नास पार्ट लिहून काढत. आपला प्रवास उलटा आहे. भरलेल्या घरातून दोन खोल्यांत राहायला जायचं, आणि घरपण तेवढं सोबत न्यायचं.

पण घाई नको. पहिला तासभर कोऱ्या कागदावर एक टिंबही पडलं नाही तरी चालेल.

आता श्वास. तोंडानं घ्या, 'ओ' म्हणताना ओठ होतात तसे ठेवून, पोटाच्या तळापर्यंत. तो दातांच्या फटीतून 'स्स्स' करत सोडा आणि मनात आकडे मोजा. वीस झाले? पंचवीस? ठीक. पुन्हा श्वास भरा, आणि या वेळी चुलीत फुंकणीनं फुंकर घालावी तसा सोडा. चार-पाच आकड्यांतच संपला ना?

पहिला श्वास ओबोवाल्याचा होता, दुसरा ट्यूबावाल्याचा. ओबोच्या जिभळीतून हवा इतकी थोडी जाते की ती संपत नाही, उरते. शिळी झालेली हवा बाहेर टाकण्यासाठी वादकाला थांबावं लागतं. ट्यूबाचं उलटं. वेटोळी सरळ केली तर मोठ्या ट्यूबाची नळी साडेपाच मीटरच्या आसपास भरते, आणि तळाच्या स्वराला ती हवा पिऊन टाकते. व्हायोलिनचा तर प्रश्नच वेगळा. तिथे गज टोकाला पोचतो, उलट फिरतो, आणि चांगल्या वादकाच्या हातून तो कधी फिरला हे कानाला कळतही नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या संगीतकारांची लांबलचक वाक्यं बहुतेक त्या गजाच्या भरवशावर लिहिलेली आहेत. आपल्या आठ फुंकणाऱ्यांकडे गज नाही. म्हणून कोऱ्या कागदावर पहिली खूण स्वराची करू नका, श्वासाची करा. पाश्चात्त्य लिपीत ती ओळीच्या डोक्यावर लिहितात आणि दिसते हुबेहूब आपल्या स्वल्पविरामासारखी. 'इथे श्वास घे' असा तिचा अर्थ. आपल्या गवयांनी याला दमसास असा सुंदर शब्द दिला आहे, दम आणि सास एकत्र. कुणाचा दमसास कुठपर्यंत पुरेल हे न पाहता केलेली मांडणी कागदावर कितीही देखणी असो, तालमीत दुसऱ्या मिनिटाला गळपटते. माझी गळपटली आहे, म्हणून सांगतो.

जरा थांबू. ज्यांच्यासाठी लिहायचं ती माणसं डोळ्यांसमोर आणा.

ती मागच्या रांगेत बसतात. मांडीवर किंवा पायांमध्ये पितळेचं धूड. मधूनच एक कळ दाबून नळीतलं पाणी जमिनीवर सोडतात. ती थुंकी वाटते, पण बहुतेक वाफेचंच पाणी झालेलं असतं. वादन सुरू आहे आणि ही मंडळी बार मोजत बसली आहेत: चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस. तेवढ्या वेळात माउथपीस गार पडतो, ओठ गार पडतात.

ट्रॉम्बोनचं हे थांबणं जुनं आहे. शतकानुशतकं हे वाद्य चर्चमध्ये, गायकांच्या आवाजाला आधार देत उभं होतं. बेथोव्हेननं 1808 मध्ये वाजलेल्या पाचव्या सिंफनीत ते आणलं तेही शेवटच्या भागात, तोपर्यंत तिघे गप्प. त्याच बेथोव्हेननं 1812 मध्ये लिंझ गावात, मृतांच्या स्मरणदिनासाठी, चार ट्रॉम्बोनचे तीन छोटे तुकडे लिहिले होते, आणि 1827 मध्ये त्याच्या स्वतःच्या अंत्ययात्रेत ते वापरले गेले. ब्राम्सनं पहिल्या सिंफनीत, 1876 साली, हाच संयम आणखी ताणला. तीन भाग ट्रॉम्बोन निव्वळ बसून राहतात. चौथ्यात त्यांना तोंड उघडायला मिळतं तेही हळू आवाजात, प्रार्थनेसारखं. जवळजवळ अर्धा तास गप्प बसलेल्या, गार ओठांच्या माणसांनी हळूच आणि सुरेल सुरुवात करायची. यापेक्षा जोरात वाजवणं कितीतरी सोपं.

ट्यूबा त्या मानानं कालचं पोर. त्याचं पेटंट 1835 चं, बर्लिनमधलं, व्हीप्रेख्त आणि मोरित्झ या दोघांचं. आणि आपल्यासमोरच्या या नवव्या सिंफनीत, साधारण पाऊण तासाच्या रचनेत, ट्यूबाला आहेत जेमतेम चौदा स्वर. सगळे याच दुसऱ्या भागात, थोडे सुरुवातीला आणि तितकेच शेवटाकडे. बाकी वेळ तो माणूस कोट घालून बसलेला.

अशांच्या हाती आपण अख्खं गाणं देणार आहोत. ही कल्पना थोडा वेळ नुसती मनात राहू द्या.

आता पहिल्या कागदावरच्या पहिल्या ओळीकडे चला. ड्वोर्झाक 1892 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला आला, तिथल्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा संचालक म्हणून. व्ल्टावा नदीकाठच्या नेलाहोझेव्हेस गावच्या खाटकाचा हा मुलगा. तरुणपणी प्रागच्या नाटकगृहातल्या वाद्यवृंदात व्हिओला वाजवायचा. म्हणजे मधल्या रांगेत बसणं कसं असतं हे त्याला अंगानं ठाऊक. न्यूयॉर्कला हॅरी बर्ली नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी त्याला आपल्या लोकांची भक्तिगीतं गाऊन दाखवायचा. सिंफनी 1893 मध्ये लिहून झाली आणि 16 डिसेंबरला कार्नेगी हॉलमध्ये वाजली.

दुसऱ्या भागाच्या दारात सात कॉर्ड आहेत. अगदी हळू, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्यूबा आणि खालच्या सुरांतली काही लाकडी फुंकवाद्यं. पहिला भाग ई या स्वराच्या घरात संपला होता, म्हणजे आपल्या पेटीवर पांढरी तीन. हे सात कॉर्ड तिथून निघतात आणि सातव्याला काळी एकवर येऊन बसतात. षड्जच हलतो. आपल्या कानाला याची सवय नाही. आपण तानपुरा लावला की षड्ज मैफल संपेपर्यंत जागचा हलत नाही. म्हणून हे सात कॉर्ड ऐकताना पोटात किंचित खड्डा पडतो, लिफ्ट खाली निघताना पडतो तसा.

हे तर मुळातच पितळी वाद्यांचं, जसंच्या तसं उतरवा की, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. मग लक्षात येतं की तिथेच खरी फसगत आहे. मूळ रचनेत हे कॉर्ड काळोखासारखे येतात, कारण त्याआधी व्हायोलिनचा आणि बासऱ्यांचा लख्ख उजेड होऊन गेलेला असतो. आपल्या दहाजणांकडे उजेड नाहीच. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळाच काळोख असेल, तर काळोख झाला हे ऐकणाऱ्याला कळणार कसं?

या प्रश्नापाशी जितका वेळ लागेल तितका बसा. स्वर शोधू नका. समोर बसलेल्या आठांकडे पाहा आणि विचारा, यांच्यात दोन जाती आहेत का?

आहेत. ट्रॉम्बोनची नळी बऱ्याच लांबीपर्यंत एकसारख्या जाडीची असते, म्हणून जोर लावला की आवाजाला धार येते, चकाकी येते. युफोनियम आणि ट्यूबा माउथपीसपासून तोंडापर्यंत रुंदावत जातात, आणि त्यांचा आवाज गोल राहतो, कडा नसलेला, दुलईत गुंडाळल्यासारखा. वरातीतल्या बँडमध्ये, मागच्या रांगेत, पोटाशी धरलेलं ते जाडजूड पितळी वाद्य तुम्ही पाहिलं असेल. नाव कुणी सांगितलं नसेल. ते बहुधा युफोनियम.

तर उजेड नसला तरी कड आहे. माझा निर्णय सांगतो, पटला तर घ्या: सुरुवातीला चारही ट्रॉम्बोन गप्प ठेवायचे. सात कॉर्ड फक्त दोन युफोनियम आणि दोन ट्यूबा यांच्याकडे. ज्या वाद्यांसाठी ड्वोर्झाकनं ते लिहिले त्यांतल्याच मुख्य वाद्याला बाहेर बसवायचं, हे उद्धटपणाचं वाटेल. पण ब्राम्सनं आणि बेथोव्हेननं त्यांना जे थांबणं दिलं होतं, ते आपण त्यांच्याच मंडळींच्या मेळ्यात पुन्हा लिहितो आहोत. चार ओळींवर विराम लिहा. बारामागून बार. हात दुखेल, विराम लिहायलाही तेवढीच शाई लागते.

यानंतर ती धून येते. मूळ स्कोअरमध्ये ती इंग्लिश हॉर्नकडे आहे, ओबोचा तो थोरला, पडक्या आवाजाचा भाऊ. खाली तंतुवाद्यं, तीही म्यूट लावून. धून मनात म्हणता येत असेल तर म्हणा. पहिल्या दोन ओळींत सा, रे, ग, प हे चारच स्वर आहेत. भूप मांडायला घेऊन धैवतापाशी न जाता परत फिरावं तसं. पुढच्या ओळीत धैवत येतो आणि त्याच्या सोबत निषादही, मग भूप मोडतो. ड्वोर्झाकला भूप ठाऊक नव्हता; पाच स्वरांत रमणारी गाणी जगात ठिकठिकाणी आहेत आणि बर्लीच्या गाण्यांतही होती. तरीही मराठी कान इथे जरा सैलावतो, हे खरं.

धून युफोनियमला द्यायची, यात दुमत नसावं. अडचण उंचीची आहे. मूळच्या जागी ठेवली तर दुसऱ्या टप्प्यात ती तार षड्जाला हात घालते, आणि तिथे, त्या हळू आवाजात, बहुतेक वादकांच्या कपाळावर शीर दिसू लागते. एक सप्तक खाली आणली तर वादक सुखात, पण मग साथीचे कॉर्ड आणखी खाली ढकलावे लागतात, आणि तळाला जवळजवळ ठेवलेले स्वर एकमेकांवर गुरगुरू लागतात. मी एकदा मंद्रात, षड्जाच्या अगदी डोक्यावर, गांधार लिहिला होता. कागदावर निष्पाप दिसत होता. तालमीत ऐकला तर थंडीत सुरू न होणारा ट्रॅक्टर.

इथे डोळे मिटा आणि तानपुरा आठवा. खर्जाची तार छेडली जाते. तिच्यावर गांधार कुणीच लावलेला नाही. थोडं थांबलं, कान निवले, की तो आपोआप वर तरंगताना ऐकू येतो. स्वयंभू गांधार. कुठल्याही भरीव खर्जाच्या पोटात तो असतोच, पाचव्या स्वरांशाच्या जागी. ट्यूबाच्याही असतो. मग मी तळाला गांधार लिहायचाच कशाला? तळाला फक्त सा ठेवायचा, वर अंतर सोडून प ठेवायचा, आणि मध्ये मोकळी हवा.

आणि षड्ज? आपल्याकडे गायक बदलला की पट्टी बदलते, त्यात कुणाला अपमान वाटत नाही. इथेही तेच करू. अख्खा भाग काळी एकवरून खाली काळी पाचवर आणायचा. सात कॉर्डांचं एकमेकांशी नातं तेच राहतं, लिफ्ट तेवढीच खाली जाते, फक्त इमारत दीड स्वर खाली सरकते. धून मूळच्या सप्तकातच राहते, पण आता तिचा कळस युफोनियमच्या आवाक्यात येतो. शिवाय काळी पाच हे या मंडळींचं माहेर. त्या षड्जाला युफोनियमची एकही कळ दाबावी लागत नाही, आणि ट्रॉम्बोनची स्लाइड आतच राहते. नळी पूर्ण मोकळी.

आता हे जवळून पाहा. दुसरा ट्यूबावाला खर्जाचा षड्ज धरतो, अगदी हळू. त्या एका स्वराच्या पोटात एक सप्तक वरचा षड्ज आहे, मग पंचम, मग त्याच्यावरचा षड्ज, मग गांधार. धुनीचा पहिला स्वर कोणता? गांधार. आणि बरोबर त्याच सप्तकातला. म्हणजे पहिल्या युफोनियमवाल्यानं ओठ लावायच्या आधीच त्याचा स्वर खोलीत आहे. त्यानं तो शोधायचा नाही, ऐकायचा आणि त्यात शिरायचं.

हा एक क्षण मनात पुन्हा पुन्हा घडू द्या. खर्ज. थांबणं. वर तरंगणारा गांधार. आणि मग कळेल न कळेल असा त्यात मिसळलेला माणसाचा श्वास.

स्वल्पविराम आता लिहू या. खर्ज तुटता कामा नये, म्हणून तो दोन्ही ट्यूबांना एकच द्या, आणि दोघांच्या ओळींवर स्वल्पविराम वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. एकाचा श्वास दुसऱ्याच्या स्वराआड लपेल. वारकऱ्यांची दिंडी रस्त्यानं चालताना अभंग असाच अखंड राहतो. प्रत्येक जण केव्हा ना केव्हा दम घेतो आणि गाणं मात्र थांबत नाही. धुनीवरचा स्वल्पविराम मात्र लपवू नका. तिथे एकच माणूस गातो आहे, आणि एकटा माणूस श्वास घेतो तो ऐकू आला पाहिजे.

पुढचा प्रदेश लवकर ओलांडू. मधे एक अस्वस्थ भाग येतो, जिथे वर बासरी आणि ओबो, खाली तंतुवाद्यांची थरथर, नंतर डबल बास तारा छेडत पावलं टाकतात. ती थरथर पितळेला जमत नाही आणि जमवू नये. मारिंबावर मऊ काठ्यांनी घुमवलेला एक स्वर पुरतो. पावलंही मारिंबालाच. ट्यूबाला दिली तर वरात निघाल्यासारखं वाटतं. मग अचानक ओबो पाखरासारखा किलबिलू लागतो आणि एकेक वाद्य त्यात सामील होतं. आठ जाड पितळी वाद्यांनी किलबिल करणं म्हणजे म्हशींनी फुगडी घालणं. मी ती निम्मी गाळली. उरलेली मारिंबावर, अर्ध्या आवाजात.

कारण या किलबिलीतून जे उसळतं, ते मला हवं होतं. मूळ रचनेत इथे, एकदाच, पहिल्या भागाची धून ट्रॉम्बोनांच्या तोंडून गर्जून जाते. आपले चौघे इतका वेळ गप्प आहेत. ऐकणारा त्यांना विसरलाही असेल. आता त्यांच्या ओळींवरचे विराम संपतात. ती धार, ती चकाकी, जी आपण सुरुवातीपासून दाबून ठेवली, ती इथे एकदम उघडी पडते. आपल्याकडचा उजेड तो एवढाच. ट्रॉम्बोनची स्लाइड सरकताना आपोआप मींड निघते. आपल्या कानाला ती गोड लागेल, पण इथे ती लपवायची आहे, प्रत्येक स्वराला जिभेचा हलका स्पर्श देऊन. चार-पाच बार. मग सगळं ओसरतं.

तालवाद्यांचं विचाराल, तर मोह आवरा. टांगलेली झांज समोर दिसते आहे म्हणून वाजवायची नसते. या संपूर्ण सिंफनीत ड्वोर्झाकनं झांज एकदाच वापरली, चौथ्या भागात, तीही बेताच्या आवाजात. लार्गोत त्यानं टिंपनीवर भागवलं. म्हणून माझ्या कागदावर झांजेला त्या उसळीआधी फक्त एक लाट आहे, मऊ काठीनं, कुठून सुरू झाली ते कळू नये अशी. बास ड्रम त्या लाटेच्या तळाशी एकदा. टिंपनीवाल्याला मात्र काम आहे: तो कातड्याजवळ कान नेऊन, बोटानं टिचकी मारत, इतर वाजवत असतानाच आपला स्वर जुळवत बसतो. त्याच्याकडे थोडा वेळ पाहा. मनन करणारा माणूस कसा दिसतो ते दिसेल.

आणि आता शेवट. धून परत येते. मूळ रचनेत काही वेळ ती मोजक्याच तंतुवाद्यांकडे असते, आणि तिथे ड्वोर्झाक एक विलक्षण गोष्ट करतो. धून मध्येच थांबते. शांतता. पुन्हा दोन-चार स्वर. पुन्हा शांतता. बोलता बोलता कुणाचा गळा भरून यावा तशी. ज्यांना श्वास घ्यायची गरजच नाही अशा गजांच्या हाती त्यानं धून दिली, आणि तिच्यात थांबे लिहिले.

मी या जागी पेन्सिल घेऊन स्वल्पविराम टाकायला बसलो होतो. सवयीनं पहिल्या युफोनियमच्या ओळीवर एक टाकलाही. मग पाहिलं, तर जिथे माझ्या वादकाला दम लागणार होता, तिथे शांतता आधीच होती. खोडरबर काढून तो पुसला.

सात कॉर्ड पुन्हा एकदा येऊन जातात. या वेळी ट्रॉम्बोनांनाही घेतलं आहे; दार आता आतून बंद होतंय. सगळ्यात शेवटी ड्वोर्झाक डबल बासांना चार भागांत विभागतो आणि तळाच्या त्या खोलीत एक कॉर्ड ठेवून निघून जातो. इतका वेळ आपण टाळलेला गढूळपणा इथे त्यानंच मागितला आहे, पण इतक्या हळू आवाजात की तो गुरगुरत नाही, नुसता ऊब देतो. दोन युफोनियम, दोन ट्यूबा. चार ओळी, चार स्वर. जागा बदलायची नाही, काही वाढवायचं नाही, फक्त पट्टी आपली.

एक काम उरतं. त्या कॉर्डच्या आधीच्या विरामावर, चारही ओळींवर, एकाच जागी, स्वल्पविराम. इथे कुणी कुणाच्या मागे लपायचं नाही. चौघांनी एकत्र श्वास घ्यायचा, मोठा, पोटाच्या तळापर्यंत, ऐकू आला तरी चालेल.

तो तुम्हीही घ्या. आणि लगेच सोडू नका.